डबा अजून भरायचाय

मल्लिनाथ बिराजदारला फक्त एक डबा परत हवा होता. दोन कप्प्यांचा, स्टीलचा, कडी जराशी वाकडी. त्यापायी दवाखान्याच्या ऑफिसाशी पत्रव्यवहार होईल, निम्म्या लातूर जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांत आपलं नाव जाईल आणि अंगणात हुलग्यांचा ढीग लागेल, हे त्याच्या मनातही नव्हतं. पण साधं काम साधं राहू द्यायचं नाही, असं आपल्या भागात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असावं.

मल्लिनाथ सेवाभावी संस्थांना सॉफ्टवेअरचा सल्ला द्यायचा. कुठल्या कंपनीत नाही, स्वतःचा स्वतः. हे काम गल्लीत समजावून सांगणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. समोरच्या साखरामावशींच्या मते तो कॉम्प्युटर दुरुस्त करत असे, म्हणून त्या मिक्सर घेऊन यायच्या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या मते त्याची नोकरी गेली होती आणि घरात बसायला काहीतरी कारण हवं म्हणून तो लॅपटॉप उघडून बसत होता. "ज्या संस्था नफा कमवत नाहीत, त्यांच्यासाठी काम करतो," असं त्याने एकदा सांगितलं, तेव्हा किराणावाला फार हळव्या आवाजात म्हणाला, "मग तुम्हाला तरी कुठून नफा होणार अप्पा."

खरं काम असं होतं की उदगीरच्या वसतिगृहापासून नांदेडच्या अंधशाळेपर्यंत प्रत्येक संस्थेत एक कॉम्प्युटर असायचा, त्यात सगळी माहिती असायची, आणि त्याचा पासवर्ड माहीत असलेला माणूस लग्न करून हैदराबादला गेलेला असायचा. सल्लागाराचं अर्धं आयुष्य या जावयांना फोन करण्यात जातं. उरलेल्या अर्ध्यात संस्थांना एकच सल्ला द्यायचा असतो: 'हे तुम्हाला लागणार नाही.' मोठं सॉफ्टवेअर लागणार नाही, ॲप लागणार नाही, एक वही पुरेल. मल्लिनाथ हा सल्ला प्रामाणिकपणे देई, आणि त्यामुळे त्याला दुसऱ्यांदा सहसा कुणी बोलवत नसे.

दोन घास मंडळाच्या बिलकीस आपांनाही त्याने हेच सांगायला हवं होतं.

आपा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मोठ्या दवाखान्यात खेड्यापाड्यांतून पेशंट येतात, त्यांच्याबरोबरच्या माणसांच्या जेवणाचे हाल होतात, म्हणून त्यांनी मंडळ काढलं. शहरातल्या बायकांनी आपल्या स्वयंपाकात एक डबा जास्तीचा करायचा, पाशामियाँनी तो आपल्या रिक्षातून दवाखान्यात पोचवायचा आणि संध्याकाळी रिकामे डबे गोळा करून ज्याचे त्याला द्यायचे. पहिला अर्धा भाग उत्तम चालला होता. दुसऱ्या भागात गडबड होती. डबे परत येत नव्हते. पेशंट घरी गेला की डबाही जायचा.

"बायका म्हणतात, आपा, अन्न कितीबी घ्या, पण भांडं कसं देणार?" आपा सांगत होत्या. "आता पाठवणारी घरंच कमी व्हायला लागलीत. माझा स्वतःचा डबा गेला, मल्लिनाथभाई. आईनं दिलेला. ह्या पाशामियाँनं हरवला."

"आपा, मैं नै हरवला," दारातून पाशामियाँ म्हणाले. "किती बार सांगू?"

"तू गप. तर भाई, डबा कुठं गेला ते कळलं पाहिजे. एवढंच. छोटंसं काम आहे."

'छोटंसं काम' हे शब्द ऐकले की अनुभवी सल्लागार छत्री घेऊन निघून जातो. मल्लिनाथ मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, "करतो."

याचं कारण त्याने आपांना सांगितलं नाही. कारण सांगण्यासारखं नव्हतं. हरवलेल्या डब्यांत एक शिवम्माचा होता.

शिवम्मा त्याची बायको. निलंग्याकडची. रागावली की कानडीत बोलायची, आणि मल्लिनाथला कानडी येत नसल्यामुळे त्यांचा संसार सुखाचा झाला. ती दर गुरुवारी मंडळाला डबा द्यायची. उन्हाळ्यात तिचं दुखणं निघालं आणि पावसाळा लागायच्या आत ती गेली. लोक भेटायला येत होते, पुढच्या खोलीत बसत होते, आणि मल्लिनाथ स्वयंपाकघरात मांडणीसमोर उभा होता. मांडणीवर सगळी भांडी जागच्या जागी होती. एका डब्याची जागा तेवढी मोकळी होती. शेवटच्या गुरुवारी गेलेला डबा अजून यायचा होता.

संसार मांडला तेव्हा गोलाईच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात दोघं गेले होते. दुकानदाराने यंत्राची सुई झाकणावर धरली, टर्रर्र आवाज झाला आणि 'सौ. शिवम्मा म. बिराजदार' उमटलं. ते 'म' म्हणजे आपण, याचं मल्लिनाथला त्या दिवशी फार नवल वाटलं होतं. बसमध्ये तो ते झाकण पुन्हा पुन्हा बघत होता आणि शिवम्मा म्हणाली होती, "अहो, लोक बघताहेत."

हल्ली तो काम करता करता मधेच थांबायचा. स्क्रीनवर ती उभी रेघ लुकलुकत राहायची आणि तो मांडणीकडे बघत बसायचा. चहा गार व्हायचा. मेसवाल्याचा डबा दारात येऊन पडायचा. दुपार कधी संपली हे त्याला साखरामावशींच्या हाकेने कळायचं. "अप्पा, काय करालाव?"

"काम करतोय मावशी."

"डोळे मिटून?"

तर काम सुरू झालं. मल्लिनाथने ठरवलं की प्रत्येक डब्यावर एक चौकोनी स्टिकर लावायचा. फोनने तो वाचला की डबा कुणाचा, कुणाला दिला, सगळं कळेल. यासाठी दवाखान्याची परवानगी लागेल, असं फाटकावरच्या माणसाने सांगितलं. ऑफिसात अर्ज दिला. तिथल्या बाबूंनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "अन्न आमच्याकडे येतं. भांडं भांडारात येतं. तुमचा अर्ज अन्नाचा की भांड्याचा?"

"भांड्याचा. पण त्यात अन्न असतं."

"मग दोन अर्ज."

भांडारवाल्यांनी विचारलं, "ही भांडी दवाखान्याच्या मालकीची का?" नाहीत. "मग आमचा काय संबंध?" हे त्यांनी लेखी द्यावं, असं अन्नवाल्यांचं म्हणणं पडलं. संबंध नाही असं लेखी द्यायला संबंध असावा लागतो, हे भांडारवाल्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. मल्लिनाथ बाकावर बसून पलीकडच्या कडुलिंबाकडे बघत राही. तिथे पेशंटची माणसं सावलीला आडवी झालेली असत. एखादी बाई डबा उघडून आधी वास घेई, मग झाकण पुन्हा लावून ज्याला द्यायचा त्याला हाक मारी. बघता बघता त्याचा डोळा लागायचा. शेवटी बाबूंनाच त्याची दया आली आणि त्यांनी तोंडी सांगितलं, "लावा हो स्टिकर. विचारता कशाला?"

स्टिकर लागले. आठवडाभरात सगळे निघाले.

दुसऱ्याचं भांडं परत करताना ते लख्ख घासून द्यायचं, ही आपल्याकडची रीत. कडुलिंबाखाली बसलेल्या बायांना डब्याला काहीतरी चिकटलेलं दिसलं आणि त्यांनी ते राखेने, काथ्याने, नखाने काढलं. औशाच्या एका बाईने तर पाशामियाँजवळ निरोप दिला, "तुमच्या बायकांना सांगा, डबा जरा नीट घासत जावा. लई घाण चिकटली होती."

हा निरोप पाशामियाँनी भर मीटिंगमध्ये सांगितला. ज्या माणसाने आयुष्यभर मोठमोठ्या याद्या सुरळीत चालवल्या, त्याच्या कामाला काथ्या लागावा, हे मनाला लागतंच.

"साब, डब्यात सायरन बसवा," पाशामियाँनी सुचवलं. "दवाखान्याबाहेर गेला की बोंबलला पाहिजे."

साखरामावशींचा सल्ला वेगळा होता. "अप्पा, डबा नेणाऱ्याकडनं एक चप्पल ठेवून घ्या. एका चपलेनं माणूस गावाला जात न्हाई."

मल्लिनाथने दोन्ही सल्ल्यांचा गंभीरपणे विचार केला, यावरून त्याची मनःस्थिती लक्षात यावी.

मग त्याने ठरवलं, फोनवर संदेश पाठवायचा. डबा देताना पाशामियाँ माणसाचा नंबर घेतच असत. डबा आला नाही की त्या नंबरवर आठवण जाईल. पण एकदम इतक्या लोकांना संदेश पाठवायचा तर त्याचं वाक्य आधी मंजूर करून घ्यावं लागतं. मोबाइल कंपनीच्या साइटवर मल्लिनाथने वाक्य टाकलं. विचारणा आली: हा संदेश जाहिरातीचा आहे की सेवेचा? सेवेचा. नामंजूर. कारण 'डबा' म्हणजे काय ते स्पष्ट होत नाही. त्याने 'जेवणाचा डबा' लिहिलं. नामंजूर. जेवण जाहिरातीत मोडतं. त्याने 'स्टीलचे भांडे' लिहिलं. आता भांडी विकतो असं वाटलं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी कुणीतरी सुचवलं, नमुना म्हणून खरं नाव घालून पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे त्यांना कळेल. बायकोचं नाव लिहायला मल्लिनाथला विचार करावा लागला नाही. हात आपोआप गेला.

'सौ. शिवम्मा बिराजदार यांचा डबा आपल्याकडे आहे. कृपया परत करावा.' खाली त्याचा पत्ता, त्याचा फोन.

मंजूर.

त्या संध्याकाळी बारीक वारा सुटला होता. मल्लिनाथने सगळे नंबर चढवले. ज्याचा डबा त्याचं नाव जिथे येईल, ती मोकळी जागा वाक्यात ठेवायची होती, ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने लगेच ओळखलं असतं. पण मंजूर झालेल्या वाक्यात शिवम्माचं नाव इतकं जागच्या जागी वाटत होतं की त्याने ते दोनदा मनातल्या मनात वाचलं, आणि बटण दाबलं.

सकाळी दार वाजलं. चाकूरहून आलेला एक म्हातारा उभा होता. हातात पिशवी, पिशवीत डबा.

"शिवम्मांचं घर हेच न्हवं? घ्या डबा. लई दिवस झाले, चुकलं आमचं. हुलगे घातलेत."

"पण हा डबा..." मल्लिनाथने झाकण बघितलं. त्यावर कुणा महानंदाचं नाव होतं. "हा तिचा नाही."

"असं कसं? मोबाइलवर आलंय."

मोबाइलवर आलेलं खोटं कसं असेल, हा प्रश्न मल्लिनाथच्याच धंद्यातल्या लोकांनी तयार केलेला. त्याने मुकाट्याने डबा घेतला. म्हाताऱ्याच्या मागे एक मोटारसायकल थांबली. तिच्यामागे जीप. दुपारपर्यंत अंगणात जागा उरली नाही. आणि एकही डबा रिकामा नव्हता. हुलगे, तुरीची डाळ, करडईचं तेल, जवसाची चटणी, सीताफळं. एका डब्यात दही होतं आणि ते प्रवासात वैतागून बाहेर आलं होतं. एका बाईने ज्वारी आणली होती, पण मंडळाचा डबा लहान पडला म्हणून ती पोत्यात आणली आणि डबा पोत्यावर ठेवला. काही लोक तर मंडळाशी संबंध नसलेले डबेही घेऊन आले. घरात दुसऱ्याचं भांडं बरीच वर्षं पडून होतं, कुणाचं ते आठवत नव्हतं, संदेश आला तसा जीव भांड्यात पडला, असं एकाने सांगितलं. कुणाचंही भांडं पडलेलं नाही असं घर मराठवाड्यात बहुतेक नसावं.

फोन थांबत नव्हता. लोक रागावलेही होते. "आम्ही काय डबा खाणार होतो का? पाठवणारच होतो," एका बाईचा आवाज कापत होता. "असा मेसेज पाठवताव, चारचौघांत लाज काढताव?"

मल्लिनाथ ज्याची त्याची माफी मागत होता. आणि प्रत्येक डबा हातात घेतला की आधी कडी बघत होता, मग झाकण. साखरामावशी हे बघत होत्या. त्यांनी पदर खोचला आणि हुलगे, डाळी वेगळ्या करायला बसल्या.

पाशामियाँच्या रिक्षातून बिलकीस आपा आल्या. त्यांनी अंगण बघितलं, फोन उघडून संदेश वाचला, पुन्हा वाचला.

"मल्लिनाथभाई, सगळ्यांना एकच नाव गेलंय."

"हो आपा. चूक झाली. नमुन्याचं नाव होतं."

आपांनी त्याच्याकडे पाहिलं. मुलगा उत्तर बरोबर सांगतो पण रीत लपवतो, अशा वेळी शाळेत त्या बघत असतील तसं. मग म्हणाल्या, "तिचा सापडला?"

"नाही."

"सगळे बघितले?"

"हो."

आपा पायरीवर बसल्या. "तरीच म्हटलं, हा माणूस 'लागणार नाही' का म्हणाला नाही." थोड्या वेळाने त्यांनी पाशामियाँना हाक मारली. "बघ रे, माझा आहे का ह्यात."

"नै आपा," पाशामियाँ डब्यांतून वर येत म्हणाले. "पण मैं नै हरवला."

ऊन उतरल्यावर एक फोन आला. बाईमाणूस, मागे कोंबड्यांचा आवाज.

"मेसेज आला काका. शिवम्माताईंचा डबा माझ्याकडंच हाय. मुदखेडला. पण आत्ता न्हाई देता येत."

मल्लिनाथ उभा राहिला. "का?"

"अजून भरला न्हाई."

तेवढं सांगून बाईने फोन ठेवला. मल्लिनाथ अंगणात उभा होता, आजूबाजूला सगळ्यांचे भरलेले डबे होते, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की त्याने सॉफ्टवेअरमध्ये 'हरवला' म्हणून लाल रंगात जे दाखवलं होतं त्यातलं काहीच हरवलेलं नव्हतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. तूर निघेपर्यंत थांबायचं, गाय विते तोवर थांबायचं. त्याच्या घरीही शेजारचं भांडं शिवम्माने कधी रिकामं दिलं नव्हतं. निदान मूठभर साखर. तो रोज बघत होता. पण कामावर बसताना तो आपलं घर बाहेर ठेवून बसायचा.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. साखरामावशींनी हातात शेंगालाडवांचा डबा दिला. "पाव्हण्यांकडं चाललाव, हात हलवीत जाऊ नका. आन् माझा डबा आणा परत."

अहमदपूर, लोहा, नांदेड. खिडकीशी बसून त्याने डबा मांडीवर धरला होता. बाजूचा माणूस विचारत होता, काय काम करता, आणि मल्लिनाथ म्हणाला, "डबे पोचवतो." त्या माणसाला ते लगेच समजलं. इतक्या सहज आपलं काम कुणाला समजल्याची त्याला आठवण नव्हती. शेतं मागे जात होती. मधेच त्याला वाटलं, शिवम्मा पलीकडच्या सीटवर बसली आहे आणि आता म्हणणार, अहो, किती वेळ धरून बसलाय तो डबा, खाली ठेवा. त्याने ठेवला नाही.

नांदेडहून गाडी बदलून तो मुदखेडला उतरला. पुन्हा फोन करून त्याने त्या बाईचं नाव आणि पत्ता विचारून घेतला होता. पुनमचं घर गावाबाहेर, झेंडूच्या शेतापलीकडे. बाजेवर तिचे वडील बसले होते. ग्यानोबा, मूळचे चाकूरचे, दवाखान्यातून सुटल्यावर लेकीने इकडे आणलेले.

"लेकीच्या घरी खाऊन राहिलो, लाज वाटते," त्यांनी नमस्काराआधी सांगून टाकलं. "पण भाजी चांगली करते."

पुनमने पाणी दिलं. "डबा न्यायला आलाव व्हय? म्हटलं होतं की, अजून भरला न्हाई."

"रिकामा दिला तरी चालेल," मल्लिनाथ म्हणाला.

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्यासारखं त्याला वाटलं.

"पाव्हणं," ग्यानोबा म्हणाले, "चहा घ्या, आन् असं पुन्हा बोलू नका."

भिंतीतल्या देवळीत डबा होता. खाली धुतलेलं फडकं. कडी वाकडी. मल्लिनाथला ओळखायला झाकण वाचावं लागलं नाही. पुनमने तो उतरवून त्याच्या हातात दिला. त्याने अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका आहे, एवढंच त्याच्या मनात आलं.

"बापूनं दवाखान्यात अन्न सोडलं होतं," पुनम सांगत होती. "काही घशाखाली उतरंना. मंडळाचे डबे यायचे, कुणाकुणाचे. ते मीच खायचे. एका गुरुवारी हा आला. धपाटे आन् लसणाची चटणी. बापूनं वास घेतला आन् म्हणला, आण इकडं."

"पोरीला एकबी ठिवलं न्हाई," ग्यानोबा म्हणाले. तिचा बाप असून ते सांगताना लाजले नाहीत.

"झाकणावरचं नाव वाचलं. म्हटलं, ह्या बाईची ओटी भरायची आपल्या हळदीनं. चला, दावते."

घरामागे हळद उभी होती. छातीइतकी, रुंद पानांची, इतकी दाट की जमीन दिसत नव्हती. वाऱ्याने पानं एकमेकांना घासत होती. पुनमने एक पान चुरगाळून त्याच्या नाकाशी धरलं. "ह्यात हाय तुमचा डबा. शिमग्याच्या सुमाराला काढायची. मग शिजवायची, वाळवायची, घासायची. तवर थांबा. आन् तवा तुमी एकटे नका येऊ. ताईंना घेऊन या. त्यांच्याच हातात द्यायची मला."

मल्लिनाथने डबा दोन्ही हातांनी धरला होता. वाटेत त्याने बरीच वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आलं नाही.

"ती नाही आता," तो म्हणाला. "तुम्हाला डबा दिला, त्यानंतर... पावसाळ्याआधीच गेली."

हळदीची पानं हलत होती. मग पुढे होऊन पुनमने डबा त्याच्या हातातून काढून घेतला, अगदी हळू, झोपलेलं मूल घ्यावं तसा.

"मग तर रिकामा न्हाईच देणार," ती म्हणाली.

घरी येऊन तिने तो पुन्हा देवळीत ठेवला, फडकं सरळ केलं. मल्लिनाथने अडवलं नाही. या एका डब्यासाठी त्याने दोन जिल्हे उलटेपालटे केले होते, आणि आता तो देवळीत बघताना त्याला बरं वाटत होतं. घरच्या मांडणीवर तो डबा म्हणजे परत आलेली, संपलेली गोष्ट झाली असती. इथे शिवम्माचं काहीतरी अजून यायचं होतं.

"हळद निघाली की तुमी या," पुनम म्हणाली. "ओटीचं न्हाई तर न्हाई. घरात लागतेच की. वरणात टाकाल."

"मी वरण करत नाही. मेसचा डबा येतो."

ग्यानोबांनी बाजेवरून वळून बघितलं. "मग शिका की. हळद निघायला टाइम हाय."

साखरामावशींचा डबा अर्थातच परत मिळाला नाही. तोही आता भरायचा होता. उलट निघताना पुनमने दुसराच एक डबा हातात ठेवला, तळलेल्या केळीच्या कापांनी गच्च भरलेला. "हाबी तुमच्या मंडळाचाच. बापूच्या वेळचा. आजच भरला."

झाकणावर उर्दूत बारीक नाव कोरलेलं होतं.

बिलकीस आपांनी डबा ओळखला, छातीशी धरला, उघडला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "तिला हळद? आणि मला केळं?"

"मैं बोल्या था," पाशामियाँ म्हणाले. "मैं नै हरवला."

"खा केळं आणि गप बस," आपा म्हणाल्या, आणि पहिला घास त्यांनाच दिला. ही माफी होती, हे दोघांनाही कळलं.

आता अंगणातले डबे ज्याचे त्याला गेले. महानंदाबाईंना हुलगे पोचले. पाठवणारी घरं पुन्हा वाढली, कारण दुसऱ्याच्या शेतातलं काय येईल याची आता गल्लीगल्लीत उत्सुकता होती. मल्लिनाथने सॉफ्टवेअरमधून 'हरवला' काढून टाकलं. आता तिथे तीनच शब्द आहेत: गेला, आला, भरतोय. ज्या कंपनीकडून मंडळाला मदत येते, तिथल्या मॅडम फोनवर विचारत होत्या, "'भरतोय'ला मुदत काय?"

"पीक निघेपर्यंत," मल्लिनाथने सांगितलं.

मग मॅडम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईकडे शेजारच्यांचं एक पातेलं आहे. लोणचं घालून द्यायचं राहिलंय."

मेसचा डबा बंद झाला. साखरामावशींनी धपाटे शिकवायचं मनावर घेतलं. "अप्पा, तवा तापलाय, खिडकीतनं काय बघताव?" त्या ओरडायच्या, आणि धपाटा करपलेला असायचा. पहिला न करपलेला धपाटा आपांनी चाखला. "शिवम्मासारखा नाही," त्या म्हणाल्या. मल्लिनाथ म्हणाला, "नाही." मग आपा म्हणाल्या, "पण पेशंटची माणसं भुकेली असतात. गुरुवारपासून पाठवा."

पाठवायला डबा हवा. मल्लिनाथ गोलाईत त्याच दुकानात गेला. दोन कप्प्यांचा, स्टीलचा, सरळ कडीचा डबा त्याने निवडला. दुकानदार आता म्हातारा झाला होता, पण त्याने माणूस ओळखला. यंत्र सुरू करून त्याने झाकण हातात घेतलं.

"वैनींचंच नाव ना?"

"नको," मल्लिनाथ म्हणाला. "तिचा डबा बाहेरगावी गेलाय. ह्याच्यावर माझं टाका."